घटस्फोटाच्या चित्रात नवरा कुठे आहे?

प्रश्न : फ्रिडा काहलोचं ‘दोन फ्रिडा’ हे चित्र एका पुस्तकात पाहिलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. नवऱ्यापासून फारकत झाली तेव्हा तिने ते काढलं, असं खाली छापलं होतं. पण चित्रात नवरा कुठे दिसतच नाही. दोन बायका आहेत, दोघींचा चेहरा एकच, आणि दोघींची काळजं उघडी. मला तर एकदम छाती फाडून रामसीता दाखवणारा मारुती आठवला. मग हे चित्र दुःखाचं म्हणायचं की भक्तीचं? आणि ज्याच्यापायी हे सगळं घडलं, त्या माणसाला तिने चित्रातून वगळलं का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : वगळलेलं नाही, तो चित्रात आहे. उजवीकडच्या फ्रिडाचा मांडीवर टेकलेला हात पाहा. त्या हाताच्या बोटांत एक लंबगोल तसबीर आहे. पुस्तकाच्या पानावर ती जेमतेम नखाएवढी होते, त्यामुळे नजरेतून सुटली तर नवल नाही. तसबिरीत एक लहान मुलगा आहे. तो दिएगो रिवेरा, बाळपणीचा.

हा दिएगो प्रत्यक्षात केवढा होता ते लक्षात घेतलं की ती तसबीर अंगावर येते. सहा फुटांच्या वर उंची, अवाढव्य देह, आणि कामही तसंच. मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या आणि राष्ट्रीय प्रासादाच्या भिंतीच्या भिंती त्याने रंगवल्या होत्या. फ्रिडापेक्षा तो वीस वर्षांनी मोठा. 1929 साली त्यांचं लग्न झालं तेव्हा तो देशातला सर्वात नावाजलेला चित्रकार होता आणि ती नुकती कुठे रंगवायला लागलेली बावीस वर्षांची मुलगी. त्या माणसाला तिने लहान पोर केलं, चौकटीत बसवलं आणि मुठीत धरलं.

आता त्या तसबिरीपासून निघा आणि बोट फिरवत जा. तिथून एक बारीक लाल रक्तवाहिनी निघते. ती फ्रिडाच्या हाताला वेढा घालत वर चढते आणि तिच्या हृदयाला मिळते. हे हृदय अखंड आहे, पोलक्यावर वरूनच ठेवल्यासारखं. तिथून वाहिनी पुढे निघते, दोघींच्या मधली मोकळी जागा ओलांडते आणि डावीकडच्या फ्रिडाच्या हृदयात शिरते. हे दुसरं हृदय चिरलेलं आहे, आतले कप्पे दिसतात. तिच्या अंगावर उंच गळ्याचा, लेसचा पांढराशुभ्र झगा आहे, त्याचाही छातीवरचा भाग फाटलेला. या हृदयापासून निघालेली वाहिनी खाली मांडीवर उतरते आणि तिथे संपते. टोक कापलेलं आहे. त्या टोकावर फ्रिडाने स्वतःच्या हाताने चिमटा लावून धरला आहे. दवाखान्यात काम करणाऱ्या कुणालाही तो लगेच ओळखू येईल. ऑपरेशन थिएटरात त्याला नुसतं ‘आर्टरी’ म्हणतात, रक्त थोपवण्याचा चिमटा. पण रक्त पुरतं थांबलेलं नाही. ते ठिबकतं आहे आणि पांढऱ्या झग्यावर त्याचं थारोळं झालं आहे.

माझ्या मते सगळं चित्र त्या चिमट्याच्या जागेत आहे. रक्त निघतं तसबिरीपासून आणि चिमटा लागला आहे पार दुसऱ्या टोकाला. तसबिरीजवळच चिमटा लावला असता तर विषय तिथेच मिटला असता. ‘तू माझा कुणी नाहीस’ एवढं म्हणून झालं असतं. पण तिथे हात लावायला ती तयार नाही. तिथे तिने चौकट जपून धरली आहे. मध्ये दोन हृदयं, दोन देह, एवढा सगळा प्रवास होऊ दिला आहे आणि जिथे रक्त वाया जातं आहे तेवढंच थोपवायची धडपड चालली आहे. नातं तुटलेल्या माणसाची नेमकी हीच अवस्था असते. मूळ तोडवत नाही आणि गळती सोसवत नाही. हे सांगायला तिला ना पडलेला देह लागला, ना पाठ फिरवून जाणारा पुरुष. एक नळी आणि एक चिमटा तिला पुरला.

तुमच्या मारुतीकडे येतो. तुमची आठवण चुकीची नाही, उलट तिनेच चित्राचं कुलूप उघडतं. मारुतीच्या छातीत रामसीता आहेत. ज्याची भक्ती तो आत, बाकी सगळं बाहेर. फ्रिडाच्या हृदयात मात्र दिएगो नाही. त्यात कप्पे आहेत, झडपा आहेत, धमन्या आहेत. तो बाहेर आहे, हातातल्या चौकटीत. म्हणजे दैवत देवळाबाहेर काढलं आहे, तरी देवळाचा सगळा कारभार अजून त्याच्याच जिवावर चालू आहे. म्हणून दुःख की भक्ती, या तुमच्या प्रश्नाला मी एका शब्दात उत्तर देणार नाही. भक्ती आटलेली नाही, पण दैवताची जागा हलली आहे, आणि यातना त्या हलण्याच्या आहेत.

तिच्या डोळ्यांसमोर अर्थात मारुती नव्हता. ती कॅथलिक देशात वाढली. येशूच्या छातीवर उघडं, जळतं हृदय दाखवणाऱ्या तसबिरी मेक्सिकोत घराघरांत असतात. आपल्याकडे वसईत किंवा गोव्यात ख्रिस्ती घरी गेलात तर दिवाणखान्यात तीच तसबीर दिसेल. हे झालं एक मूळ. दुसरं मूळ दवाखान्याचं. फ्रिडाला डॉक्टर व्हायचं होतं. 1922 मध्ये ती मेक्सिको शहरातल्या राष्ट्रीय पूर्वतयारी विद्यालयात दाखल झाली ती त्याच वाटेने. 17 सप्टेंबर 1925 ला ती बसलेल्या बसला ट्रामने धडक दिली, बसमधला लोखंडी दांडा तिच्या ओटीपोटातून आरपार गेला, पाठीचा कणा आणि पाय मोडले. डॉक्टरकी राहिली. पुढचं आयुष्य पेशंट म्हणून गेलं आणि अंथरुणाला खिळलेली असतानाच तिने ब्रश हातात घेतला. येशूचं हृदय आणि शरीरशास्त्राच्या पुस्तकातलं हृदय, अशी दोन्ही हृदयं तिला पाठ होती. या चित्रात ती एकमेकांवर बसली आहेत. म्हणूनच ते बघताना करुणाही वाटते आणि आपण दवाखान्यात उभे आहोत असंही वाटतं.

आता 1939 सालाबद्दल, कारण तुमच्या पुस्तकातली ती एक ओळ फार तोकडी आहे. त्या वर्षीच्या सुरुवातीला फ्रिडा पॅरिसमध्ये होती. तिथल्या प्रदर्शनातून तिचं एक छोटं आत्मचित्र फ्रेंच सरकारने विकत घेतलं. त्याच्या आदल्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला ज्युलियन लेव्हीच्या गॅलरीत तिचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन झालं होतं. म्हणजे चित्रकार म्हणून ती वर चढत होती आणि घरी संसार मोडत होता. दिएगोच्या भानगडी नव्या नव्हत्या. त्यातली सर्वात जिव्हारी लागलेली 1934 च्या सुमाराची, कारण ती बाई होती फ्रिडाची सख्खी धाकटी बहीण, क्रिस्तिना. फ्रिडाचीही बाहेर नाती होती, हेही सांगायला हवं. न्यूयॉर्कचा फोटोग्राफर निकोलस मरे याच्याशी तिचं नातं होतं आणि तेही 1939 मध्येच तुटलं. एका वर्षात दोन दारं बंद झाली. त्या सालचा मरेचा एक फोटो आहे. फ्रिडा या कॅनव्हाससमोर बसून काम करते आहे. बाजूला दोन फ्रिडा, समोर तिसरी.

नोव्हेंबर 1939 मध्ये घटस्फोट झाला. मॅकिन्ली हेल्म हा अमेरिकन कलासमीक्षक डिसेंबरात तिच्याकडे चहाला गेला होता, नेमका ज्या दिवशी कोर्टाचे कागद घरी आले त्या दिवशी. हे चित्र तेव्हा पुरं झालेलं नव्हतं, कॅनव्हास तिथेच उभा होता. घटस्फोट तिला नको होता, दिएगोला हवा होता, असं तिने त्याला सांगितलं. दोन बायकांचा उलगडाही केला : मेक्सिकन पेहरावातली, ती दिएगोचं जिच्यावर प्रेम होतं ती फ्रिडा, आणि पांढऱ्या झग्यातली, जिच्यावर त्याचं प्रेम उरलं नाही ती. हेल्मने हे लिहून ठेवलं आणि तेव्हापासून चित्राचा हाच अर्थ चालत आला.

अर्थ खरा आहे, कारण तो तिने स्वतः दिला. पण तिने आणखीही एक दिला होता. पुढे बऱ्याच वर्षांनी आपल्या रोजनिशीत तिने ‘दोन फ्रिडां’चा उगम लिहिला आणि त्यात दिएगोचं नावसुद्धा नाही. ती सहा वर्षांची असताना तिची एक मनातली मैत्रीण होती. खिडकीच्या काचेवर ती तोंडाने वाफ सोडायची, वाफेवर बोटाने एक दार काढायची आणि कल्पनेने त्या दारातून बाहेर पडायची. समोरचं मैदान पळत ओलांडून ‘पिन्सोन’ नावाच्या डेअरीपाशी पोचायची, पाटीवरच्या नावातल्या ‘ओ’ या अक्षरातून आत शिरायची आणि थेट पृथ्वीच्या पोटात उतरायची. तिथे मैत्रीण वाट बघत असायची. ती मैत्रीण नाचायची, अंगात वजनच नसल्यासारखी, आणि फ्रिडा तिला आपली सगळी गुपितं सांगायची. साधारण याच वयात फ्रिडाला पोलिओ झाला आणि उजवा पाय बारीक राहिला. नाचणारी मैत्रीण तिला का हवी होती, हे वेगळं सांगायला नको.

हे वाचलं की चित्रातले ते हात दिसायला लागतात. दोघींनी मध्ये एकमेकींचा हात धरला आहे. तुम्ही पत्रात हृदयांचं लिहिलंत, हातांचं लिहिलं नाहीत. कुणीच चटकन लिहीत नाही, कारण रक्त आधी दिसतं. पण संपूर्ण कॅनव्हासवर माणसाचा माणसाला स्पर्श तेवढाच एक आहे. नवरा गेल्यावर घरात उरलं कोण, तर ती आणि सहा वर्षांच्या वयापासूनची ती. त्यामुळे घटस्फोटाच्या चित्रात दोन बायका का, याचं उत्तर माझ्यापुरतं तरी हेच आहे की सोडून गेलेल्या माणसापेक्षा मागे राहिलेल्या माणसाबद्दल तिला जास्त सांगायचं होतं.

कपड्यांविषयी थोडक्यात. उजवीकडचा पेहराव तेवाना, म्हणजे दक्षिण मेक्सिकोतल्या तेवांतेपेक भागातल्या बायकांचा. क्रांतीनंतरच्या मेक्सिकोत तो स्वाभिमानाची खूण झाला होता, आणि दिएगोला तो आवडायचा म्हणूनही फ्रिडा तो घालत असे. डावीकडचा झगा युरोपीय थाटाचा. तिचे वडील गिलेर्मो काहलो जर्मनीतून आलेले फोटोग्राफर, तर आईच्या घराण्यात स्पॅनिश आणि मूळ मेक्सिकन असं दोन्ही रक्त. म्हणजे दोघींना जोडणारी रक्तवाहिनी घराण्याचीही आहे. काही समीक्षक यात सगळा मेक्सिको पाहतात, जिंकणारा युरोप आणि जिंकलेली भूमी. तसं वाचता येतं, पण मला ते वाचन जरा गार वाटतं. त्यात चिमटा धरलेला हात विसरला जातो.

एकच बारीक जागा आणखी दाखवतो. पुस्तक पुन्हा हातात घ्या, शक्य झालं तर भिंग घ्या. पांढऱ्या झग्याच्या घेराला खाली लाल फुलांचं भरतकाम आहे. वर मांडीवर रक्ताचे डाग आहेत. आता डाग कुठे संपतात आणि फुलं कुठे सुरू होतात ते शोधा. खाली काठाकडे आलेला लाल ठिपका थेंब आहे की पाकळी, हे क्षणभर कळत नाही. तिने तो घोळ मुद्दाम ठेवला आहे. दोन्ही ठिकाणी तिने तेवढंच मन लावून ब्रश चालवला आहे, रक्ताला जास्त उठाव दिलेला नाही.

चेहऱ्यांवरही काही नाही. डोळ्यांत टिपूस नाही, ओठ मिटलेले, नजर सरळ आपल्यावर. रडण्याचं काम तिने कपड्यांना दिलं, वादळाचं काम आकाशाला. मागचे ते करड्या-पांढऱ्या ढगांचे फाटके लोट पाहा, तेवढीच काय ती उघड खळबळ. पुढे बसलेल्या दोघी फोटो काढायला बसल्यासारख्या ताठ. फोटोग्राफरच्या लेकीला फोटोसाठी बसणं लहानपणापासून ठाऊक होतं.

प्रश्न : मी हौसेने तैलरंगात काम करते. माझ्याही आयुष्यात अशी एक जखम आहे आणि ती रंगवावीशी वाटते. पण बसले की तुटलेलं हृदय, सुकलेलं झाड, रिकामी खुर्ची यांपलीकडे काही सुचत नाही. फ्रिडाला ही प्रतीकं सुचली कशी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ती एका दिवसात सुचलेली नाहीत, त्यामुळे आधी ती काळजी सोडा. ‘दोन फ्रिडां’मधली रक्तवाहिनी तिच्या हाती लागायला सात वर्षं लागली आणि त्या सात वर्षांचा माग आपल्याला काढता येतो.

1932 साली डेट्रॉइटला तिचा गर्भपात झाला. त्यावर तिने ‘हेन्री फोर्ड हॉस्पिटल’ हे चित्र केलं. पलंगावर ती रक्तात पडलेली आहे आणि तिच्या हातातून लाल दोऱ्या निघाल्या आहेत. एकेका दोरीला एकेक वस्तू बांधलेली आहे : गर्भ, गोगलगाय, दवाखान्यातलं यंत्र, एक जांभळं ऑर्किड. गोगलगाय का, तर तो गर्भपात फार संथपणे, रेंगाळत झाला म्हणून. ऑर्किड दिएगोने दवाखान्यात आणून दिलेलं होतं. त्या दोऱ्या अजून दोऱ्याच आहेत. 1936 मध्ये ‘माझे आजी-आजोबा, माझे आई-वडील आणि मी’ या चित्रात लहानगी फ्रिडा अंगणात उभी आहे आणि तिच्या हातात लाल फीत आहे. फितीचे पदर वर आईवडिलांकडे, तिथून दोन्हीकडच्या आजी-आजोबांकडे जातात. इथे दोरीला रक्ताच्या नात्याचा अर्थ आला. 1937 मध्ये ‘आठवण, किंवा हृदय’ हे चित्र, बहीण आणि नवरा यांच्या त्या प्रकरणानंतरचं. त्यात तिच्या छातीला आरपार भोक आहे, त्यातून लोखंडी दांडा गेला आहे, आणि हृदय देहाबाहेर, भलंमोठं, जमिनीवर पडलं आहे. दोन्ही बाजूंना तिचे रिकामे कपडे लटकताहेत : एकीकडे शाळेचा गणवेश, दुसरीकडे तेवाना पेहराव. बघा, ‘दोन फ्रिडां’चं सगळं सामान इथे आलं. दोरी आहे, रक्त आहे, बाहेर आलेलं हृदय आहे, दोन पेहराव आहेत. 1939 मध्ये तिने ते एकत्र बांधलं, दोरीची शीर केली आणि रिकाम्या कपड्यात बाई बसवली.

आणि त्या दांड्याकडे लक्ष द्या. बस अपघातातला दांडा तिच्या खऱ्या देहातून गेला होता. बहिणीच्या आणि नवऱ्याच्या विश्वासघाताला रूप द्यायची वेळ आली तेव्हा दूर कुठे शोधायला ती गेलीच नाही. आपल्या देहाला आधीच माहीत असलेली वेदना तिने उचलली.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं एवढंच आहे की तुटलेलं हृदय आणि सुकलेलं झाड सध्या बाजूला ठेवा. ती सगळ्यांची आहेत, त्यामुळे कुणाचीच नाहीत. तुमच्या त्या दिवसांत तुमच्या हाताशी काय होतं ते आठवा. कुठलं भांडं, कुठली पिशवी, कुठलं औषध, कुठल्या ब्लाउजचं हुक. ऑर्किड सुंदर होतं म्हणून चित्रात आलं नाही, ते त्या खोलीत होतं म्हणून आलं. वस्तू खरी असली की बघणाऱ्याला तिचा अर्थ ठाऊक नसला तरी तिचा भार जाणवतो. गोगलगायीची कथा मला ठाऊक नव्हती तेव्हाही ती मला अस्वस्थ करत होती.

तैलरंगाचं एक सांगतो, कारण तुम्ही त्यातच काम करता. तेल सावकाश वाळतं. भावनेच्या भरात जाड रंग लावून कॅनव्हासवर आदळआपट करायला हे माध्यम मोकळीक देतं आणि पुष्कळ जण दुःख म्हटलं की तेच करतात. फ्रिडाने उलट केलं. बारीक ब्रश, पातळ रंग, गुळगुळीत पृष्ठभाग. तिची बरीचशी चित्रं तर लहान आकाराची, पत्र्यावर काढलेली. मेक्सिकोत संकटातून वाचल्यावर देवाचे आभार मानायला पत्र्यावर छोटी चित्रं रंगवून देवळात वाहतात, खाली घडलेली हकीकत लिहितात. नवस फेडण्याचाच हा प्रकार. फ्रिडा आणि दिएगोने अशी शेकडो चित्रं गोळा केली होती. त्या चित्रांत रेल्वेखाली सापडलेला माणूसही शांतपणे, नीटनेटका रंगवलेला असतो. फ्रिडाने ती रीत उचलली. तेल ओलं असतं तोवर तुम्हालाही पुसता येतं, हलवता येतं, चिमटा या टोकाचा त्या टोकाला नेता येतो. त्या सवडीचा फायदा घ्या. घाई करून एका रात्रीत मन मोकळं करायचं असेल तर वही बरी.

‘दोन फ्रिडा’ आकारानेही वेगळं आहे. साधारण 173 सेंटीमीटर लांबरुंद, जवळजवळ चौरस कॅनव्हास. म्हणजे बसलेल्या त्या दोघी जवळपास माणसाएवढ्या. वीतभर पत्र्यावर दुःख रंगवणाऱ्या बाईने हे दुःख अंगाएवढं का केलं? जानेवारी 1940 मध्ये मेक्सिको शहरात सर्रिअलिस्ट, म्हणजे स्वप्नांचं जग रंगवणाऱ्या चित्रकारांचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं आणि त्यात हे चित्र लागलं. मोठ्या प्रदर्शनासाठी मोठं चित्र, हे व्यवहाराचं कारण असू शकतं. पॅरिसच्या मुक्कामात तिने लूव्र संग्रहालयात शासेरिओ या चित्रकाराचं 1843 सालचं ‘दोन बहिणी’ पाहिलं असावं, असंही काही अभ्यासकांना वाटतं. त्या चित्रात सारखे कपडे घातलेल्या दोघी हातात हात गुंफून उभ्या आहेत. मला आणखी एक कारण वाटतं. भिंती रंगवणाऱ्या माणसाने सोडल्यावर तिने पहिल्यांदा भिंतीच्या मापात काम केलं आणि त्या मापात त्याला इवलीशी जागा दिली. सर्रिअलिस्टांनी तिला आपलं मानलं, तिने मात्र ते नाव कधी मनापासून स्वीकारलं नाही. आपण स्वप्नं रंगवत नाही, आपलं वास्तव रंगवतो, असं तिचं म्हणणं होतं. तुमच्या कामाला हे वाक्य उपयोगी पडेल.

प्रश्न : पुढे त्या दोघांचं काय झालं? दिएगो परत आला का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आला. 8 डिसेंबर 1940 ला, दिएगोच्या वाढदिवशी, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये दोघांनी पुन्हा लग्न केलं. तिने अटी घातल्या होत्या, असं दिएगोने आपल्या आत्मकथेत सांगितलं आहे : ती स्वतःच्या कमाईवर जगेल, आणि दोघांत शरीरसंबंध राहणार नाही. मधल्या वर्षात तिने ‘केस कापलेलं आत्मचित्र’ काढलं. दिएगोच्या मापाचा वाटावा असा ढगळ पुरुषी सूट, हातात कात्री, भोवती जमिनीभर कापलेले केस. ते आता न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे.

लग्न पुन्हा झालं, दिएगो बदलला नाही. 1949 मध्ये एका सिनेनटीशी त्याचं प्रकरण गाजत असताना फ्रिडाने ‘दिएगो आणि मी’ रंगवलं. त्यात तो तिच्या कपाळावर आहे, भुवयांच्या वर, आणि त्याच्या कपाळाला तिसरा डोळा. तिचेच केस तिच्या गळ्याभोवती आवळले आहेत आणि या वेळी डोळ्यांत अश्रू आहेत. दहा वर्षांपूर्वी तो हातात होता, आता डोक्यात शिरला. ही दोन चित्रं मी नेहमी शेजारी ठेवून बघतो. ‘दिएगो आणि मी’ 2021 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे 3 कोटी 49 लाख डॉलरला गेलं आणि त्याची जगभर बातमी झाली. तरी मला 1939 चंच चित्र जास्त खंबीर वाटतं. तिथे ती अजून मोजून-मापून विचार करत होती, चिमटा कुठे लावायचा ते ठरवत होती. 1949 च्या चित्रात तेवढं बळ उरलेलं दिसत नाही आणि ते बघताना मला तिच्याबद्दल फार वाईट वाटतं.

प्रश्न : ‘दोन फ्रिडा’ प्रत्यक्ष पाहायचं असेल तर कुठे जावं लागेल?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मेक्सिको शहरात, चापुल्तेपेक उद्यानातल्या आधुनिक कला संग्रहालयात. कोयोआकान भागातलं तिचं ‘निळं घर’ आता तिच्या नावाचं संग्रहालय आहे आणि प्रवासी आधी तिथेच जातात, पण हे चित्र तिथे मिळणार नाही. 1947 साली मेक्सिकोच्या राष्ट्रीय ललित कला संस्थेने ते फ्रिडाकडून 4,000 पेसोंना विकत घेतलं. तिच्या हयातीत तिच्या चित्राला मिळालेली ती सर्वात मोठी किंमत, असं सांगितलं जातं. त्या पैशांची तिला तेव्हा नड होती. 1984 मध्ये मेक्सिको सरकारने तिची सगळी कला राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर केली. त्यामुळे मेक्सिकोत असलेली तिची चित्रं कायमची बाहेर विकता येत नाहीत, फक्त प्रदर्शनांपुरती देशाबाहेर पाठवता येतात. ‘दोन फ्रिडा’ही अशा दौऱ्यांवर जातं. म्हणून तिकीट काढण्याआधी ते चित्र सध्या जागेवर आहे ना, एवढी चौकशी संग्रहालयाकडे जरूर करा. आणि पोचलात की आधी तो हात शोधा, तसबीर धरलेला.